थोरली पाती, धाकटी पाती आणि एक स्लेट

माउस शेवेच्या डब्यात कोंडून ठेवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. लवंगी शेवेचा, स्टीलचा, घट्ट झाकणाचा डबा. सकाळी साडेनऊला आक्का दवाखान्यात यायच्या, पांढरे कॅनव्हासचे बूट दाराशी काढायच्या, कॉम्प्युटरचा माउस उपटायच्या, त्याची वायर वेणी घातल्यासारखी नीट गुंडाळायच्या आणि त्याला डब्यात घालून झाकण लावायच्या. डब्यात शेव नसायची असं नाही. शेवेला माउसचा वास लागायचा की माउसला शेवेचा, हे मला कधी ठरवता आलं नाही. पण ती शेव मी रोज खाल्ली आहे आणि पन्नाशीला टेकलो तरी ठणठणीत आहे.

"हा हातात आला की माणूस नुसतं बोट दाखवतो," त्या म्हणायच्या. "हे दे, ते दे. तान्ह्या मुलानं दाखवावं बोट. मोठ्या माणसानं काय हवं ते बोलून सांगावं."

बोलून म्हणजे टाइप करून. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि शेवटी लुकलुकणारी एक चौकट. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आमच्या देवासच्या धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यातल्या झाडून सगळ्या पेशंटांचं नाव, गाव, वय, कोणता डोळा आणि परत कधी यायचं, हे त्या काळ्या पडद्यामागच्या डेटाबेसमध्ये राहत होतं, आणि दाराशी आक्का बसलेल्या.

त्या मूळच्या गणिताच्या बाई. मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा दवाखान्याच्या ट्रस्टनं त्यांना रजिस्टरं सांभाळायला बोलावलं. पहिल्याच महिन्यात एका म्हातारबाचं नाव शोधायला त्यांना दीड दिवस लागला. त्या घरी गेल्या, पुतण्याच्या कपाटातलं डेटाबेसवरचं जाडजूड पुस्तक काढलं आणि पोथी वाचावी तसं रोज एक अध्याय, स्नान करून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचलं. साठीला दोन वर्षं कमी होती. पुतण्या म्हणाला, "आक्का, एवढं कुणी वाचत नाही." आक्का म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला येत नाही."

मी धारहून आलो तो डिप्लोमा घेऊन, फर्स्ट डिव्हिजन. धारमध्ये त्या काळात आमच्या गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला तर मला बोलावणं यायचं, त्यामुळे मी स्वतःला काय समजत होतो ते विचारू नका. इंटरव्ह्यूत आक्कांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "जेवलास का?" दुसरा प्रश्न मला नव्हताच. मला काळ्या पडद्यासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "आज किती पेशंट आले, ते त्याला विचार."

मी झोकात वाक्य टाइप केलं आणि एंटर दाबला. काही नाही. परत एंटर. काही नाही. पाहता पाहता मी पंधरा वेळा एंटर दाबला असेल. आक्का शेव खात होत्या.

"हँग झालाय," मी म्हणालो.

"हँग नाही झालेला. ऐकतोय." त्यांनी फूटपट्टीचं टोक पडद्याला लावलं. गणित सुटलं तरी फूटपट्टी सुटली नव्हती. "बघ. मघाशी ओळीच्या सुरुवातीला बरोबरचं चिन्ह होतं. आता आडवी रेघ आलीय. म्हणजे तो म्हणतोय, हं, पुढे? तुझं वाक्य संपलेलंच नाही. अर्धविराम कुठाय?"

मी अर्धविराम दिला. पडद्यानं तत्क्षणी आकडा सांगितला. इतका वेळ ताटकळत ठेवूनही त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"रेघेच्या जागी अवतरणचिन्ह दिसलं तर समज, अवतरण उघडून बंद करायला विसरलास. आणि अगदीच गुंता झाला तर कंट्रोल आणि सी. वाक्य सोडून द्यायचं, नव्यानं बोलायचं. त्यात लाज नाही. लाज पंधरा वेळा एंटर दाबण्यात आहे."

त्यांनी मोजले होते. नोकरी मला मिळाली.

आता ज्यांनी देवास पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आक्का कळणार नाहीत. संस्थानी काळात आमचं देवास एक गाव आणि दोन गाद्या असं होतं. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार. रस्त्याची ही बाजू एकाची, ती दुसऱ्याची, असं जुने लोक सांगतात. आक्कांचे आजोबा थोरल्या पातीच्या दफ्तरात, आईचे वडील धाकट्या पातीच्या. आईवडिलांच्या लग्नात दोन्हीकडचे मानपान मिटायला तीन दिवस लागले होते, हे आक्का त्या तीन दिवसांचं श्रेय स्वतःकडे असल्यासारखं सांगत.

तर आक्कांनी डेटाबेस दोन केले होते. खऱ्या पेशंटांचा तो थोरली. सरावाचा, चुका करायचा, तो धाकटी. रोज सकाळी माउस डब्यात गेला की पहिलं काम म्हणजे थोरलीची नक्कल काढायची आणि त्या नकलेतून धाकटी नव्यानं उभी करायची. मी म्हणालो, "आक्का, नक्कल काढून ठेवली की झालं ना. रोज उभी कशाला करायची?"

"नक्कल काढली म्हणून निजू नये. तिच्यातून घर उभं राहतं का, ते रोज बघावं. नाहीतर ती नक्कल नव्हे, समजूत."

तुम्ही कोणत्या डेटाबेसमध्ये आहात ते काळा पडदा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला लिहून सांगतो. पण जे रोज दिसतं ते कोण वाचतो. दुसऱ्या आठवड्यात मी धाकटीत सगळे पेशंट पुसून पुन्हा भरायचा सराव करत होतो. पुसण्याची ओळ लिहिली, अर्धविराम दिला, बोट एंटरकडे नेलं, आणि बोट आणि एंटर यांच्यामध्ये फूटपट्टी आली.

"कुठं आहेस?"

"देवासमध्ये."

"देवासमध्ये कुठं?"

"दवाखान्यात, आक्का."

"ते मलाही दिसतंय. कोणत्या पातीत उभा आहेस?"

मी ओळीची सुरुवात वाचली. थोरली. मघाशी त्यांनीच मला थोरलीत काहीतरी पाहायला पाठवलं होतं आणि मी परत फिरायचं विसरलो होतो. आक्कांनी फूटपट्टी काढली नाही. मी कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत ती तिथेच होती, सीमेवरच्या शिपायासारखी. आज माझ्या हाताखाली शिकलेली डझनभर माणसं निरनिराळ्या गावांत बसून एंटर दाबण्याआधी "कोणत्या पातीत?" असं पुटपुटतात. त्यांतल्या अनेकांनी देवास पाहिलेलंही नाही.

आक्कांची वाक्यं अशी. पडद्यावर हजारो ओळी धो धो वाहायला लागल्या की, "अरे, भात झाला का ते बघायला अख्खं पातेलं उपसतात का? पाच शितं काढ." म्हणजे वाक्याच्या शेवटी लिमिट पाच. ओळ इतकी लांब की घड्या पडून वाचता येईना, तर "आडव्याला उभा कर", म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि एक्स, की एकेक पेशंट रांगेत उभा राहावा तसा वरून खाली दिसतो. अनोळखी तक्त्याला हात घालण्याआधी तीच रेघ आणि डी, "दारात उभं राहून घरात खोल्या किती ते पाहावं." माळव्यात कुणालाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात, पण आमच्या औषधांच्या खिडकीवरच्या गृहस्थांचं तर तेच नाव पडलं होतं. ते एकदा लांबलचक यादीच्या शेवटी अडकले, बाहेर पडता येईना, तेव्हा त्यांनी भिंतीतला प्लगच उपटला. आक्कांनी त्यांना बोलावून शांतपणे दाखवलं की क्यू दाबला की माणूस सुटतो.

"आक्का मैडम, इत्तीसी बात थी तो लिख के लगा देते," भिया म्हणाले.

"लिहिलेलंच आहे. उलटी रेघ आणि प्रश्नचिन्ह दे, सगळं सांगतो. विचारत नाही कुणी. पुरुषांना रस्ता विचारायची लाज आणि पडद्यालाही."

भिया त्यानंतर आठ दिवस येता-जाता प्रश्नचिन्ह टाइप करून जायचे, म्हणे सवय राहावी.

इंदूरहून एकदा एक सॉफ्टवेअर विकणारा आला. टाय, लॅपटॉप, रंगीबेरंगी चौकटी. ट्रस्टचे अध्यक्ष हजर. त्यानं आमच्याच पेशंटांची यादी आपल्या चौकटींत भरून आणली होती. अर्धा तास चकत्या, खांब, फिरणारी वर्तुळं दाखवली. अध्यक्षांचे डोळे विस्फारले, ते मोफत तपासायला आम्ही तिथे होतोच. मग आक्का म्हणाल्या, "लोहारद्याचे, साठीच्या वरचे, डाव्या डोळ्याचे, दोनदा बोलावूनही न आलेले. एवढं दाखवता का?"

तो क्लिक करू लागला. आक्का टाइप करू लागल्या. तो तिसऱ्या चौकटीत असताना आक्कांचा पडदा भरला. त्यांनी यादी वाचायला सुरुवात केली, नाव, गाव, मोबाइल, आणि अकराव्या नावाला थांबून म्हणाल्या, "ह्यांच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून नाही आले." त्या विकायला आलेल्या मुलाला त्यांनी शेव दिली. "भिया, चकत्या छान आहेत. घरी लाव." तो हसला, आणि खरं सांगतो, जाताना त्यानंच विचारलं की हे शिकायला किती दिवस लागतात.

मला एवढा अभिमान वाटला की मी संध्याकाळी धारला फोन करून वडिलांना सगळा प्रसंग अभिनयासह ऐकवला. त्यात फूटपट्टी मी पदरची घातली.

पण आक्कांची खरी गंमत स्लेटीत होती. दगडी, लाकडी चौकटीची स्लेट, ती कायम कीबोर्डवर झाकणासारखी ठेवलेली. टाइप करायचं तर ती उचलावी लागे, आणि उचलली की तिच्यावर आधी एक आकडा लिहायचा. थोरलीत काहीही बदलायचं असेल तर किती ओळी बदलायला हव्यात, तो आकडा. त्यानंतर बिगिन. मग ज्या अटीनं बदल करायचा तीच अट घालून आधी नुसतं सिलेक्ट, म्हणजे कोण कोण सापडतं ते बघायचं. मग बदल. बदल झाला की पडदा स्वतः सांगतो, अपडेट इतके. तो आकडा आणि स्लेटीवरचा आकडा एक असेल तर कमिट, नसेल तर रोलबॅक. बिगिननंतरचं सगळं कच्चं असतं, कमिटनं पक्कं होतं, रोलबॅकनं झालंच नव्हतं असं होतं. आयुष्यात बाकी कुठे ही सोय आहे, असं त्या विचारत आणि माझ्या बायकोचं स्थळ मला सांगून आलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं.

"खडू आधी, एंटर नंतर," त्या म्हणत. "नंतर आकडा बघितला की माणूस त्याचं समर्थन करतो. आधी लिहिला असेल तर सापडतो."

मला हे जरा जास्तच वाटायचं. एका ओळीसाठी काय ही पूजा मांडायची?

मग आक्का बागलीला मुंजीला गेल्या. भाचीच्या मुलाची मुंज, दोन दिवस, आणि त्या काळी बागलीकडे फोनला रेंज म्हणजे देवाची कृपा. आदल्या आठवड्यात गंधवानीला आमचा कँप झाला होता. मी धारचा, म्हणून धार जिल्ह्यातले कँप माझ्या गळ्यात. त्या दिवशी सकाळी गंधवानीची बस आली. तीसेक म्हातारी माणसं, गाठोडी, सोबतचे नातेवाईक, सगळी वॉर्डात बसलेली. दुसऱ्या दिवशी मोतीबिंदूची ऑपरेशनं. दुपारी बाराला माझ्याकडून यादी निघायची, आणि त्या यादीप्रमाणे वॉर्डातली सिस्टर प्रत्येकाच्या कपाळावर, ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या वर, पट्टी चिकटवायची. यादी म्हणजे काय, तर कुणाचा कोणता डोळा.

साडेअकराला डॉक्टरसाहेबांनी दारातूनच सांगितलं, "भिया, वो रेशमबाई का बायाँ नहीं, दायाँ है. ठीक कर दो, और लिस्ट जल्दी."

मी स्लेट उचलली. सवयीनं १ लिहिला. बिगिन दिलं नाही. सिलेक्ट केलं नाही. मनात म्हटलं, एक ओळ आहे. गंधवानीच्या कँपमधली, जिचं नाव रेशमबाई तिचा डोळा उजवा, अर्धविराम, एंटर.

अपडेट चार.

मी स्लेटीकडे पाहिलं. एक. पडद्याकडे पाहिलं. चार. गंधवानीकडे रेशमबाई किती असाव्यात याचा धारच्या माणसाला अंदाज असायला हवा होता. चार रेशमबाया, आणि चौघींचा डोळा उजवा. बिगिन नव्हतं, म्हणजे रोलबॅक नव्हतं. जे झालं ते पक्कं झालं होतं.

पहिल्यांदा सुचलं ते धाकटी. सकाळी साडेनऊला, आक्का नसताना, मी ती नियमाप्रमाणे नव्यानं उभी केली होती. धाकटीत गेलो. सकाळच्या तीन रेशमबाया तिथे जशाच्या तशा होत्या, आपापल्या जुन्या डोळ्यांसह. सकाळपासून डॉक्टरांनी तपासलेली त्यांतली एकच, म्हणजे त्यांनी सांगितलेली तीच, तिचा उजवा आता बरोबरच होता. उरलेल्या दोघींचे डोळे मी पाहून घेतले. या वेळी बिगिन देऊन, नावाऐवजी नोंदणी नंबरानं, एकेक करून परत लावले. स्लेट, आकडा, कमिट. पद्धत हातांना पाठ होती.

चौथी रेशमबाई धाकटीत नव्हती. ती आयत्या वेळी बसमध्ये चढलेली. तिची नोंद मीच साडेदहाला केली होती, नक्कल निघाल्यावर. तिचा मूळ डोळा कोणता, हे आता कॉम्प्युटरला माहीत नव्हतं आणि मला आठवत नव्हतं.

इथे मी खोटं बोलणार नाही. बारा वाजायला दहा मिनिटं होती आणि माझ्या मनात आलं, डोळे दोनच तर असतात. उजवा राहू दे. डॉक्टर ऑपरेशनआधी बघतीलच. नाही बघितलं तरी दोन्ही खराबच असतील. कुणाला कळणार आहे? स्लेटीवरचा तो १ पुसायला मी फडका उचलला सुद्धा.

मग मी १ च्या खाली ४ लिहिला आणि स्लेट हातात घेऊन वॉर्डात गेलो.

"साहेब, लिस्ट थांबवा."

"क्यों?"

"मुझसे चार रेशमबाई बिगड़ गईं."

अख्खा वॉर्ड हसला. भिया औषधांच्या खिडकीतून वाकून बघत होते. डॉक्टरसाहेब हसले नाहीत. मी स्लेट दाखवली, सगळं सांगितलं, आणि ते एवढंच म्हणाले, "चौथी कौन सी है?"

चौथी रेशमबाई खिडकीखाली पाय पसरून बसली होती. मी तिला विचारलं, "माँजी, डॉक्टर ने कौन सी आँख का बोला था?"

"म्हने तो दोई से नी दिखे," ती म्हणाली. "तू वता." मला तर दोन्हींनी दिसत नाही, तूच सांग म्हणे.

तीच तर पंचाईत होती. मग तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत तंबाखूची पुडी, आणि पुडीखाली चारदा घडी घातलेली कँपची चिठ्ठी. डॉक्टरांच्याच अक्षरात. डावा.

उजवा राहू दिला असता तर काय, हा विचार मी अजूनही फार वेळ करत नाही. डॉक्टरांनी तिथेच तिचे डोळे तपासले, डावाच. मग मी उरलेल्या तिन्ही रेशमबायांनाही शोधून एकेकीची चिठ्ठी पाहिली, धाकटी खरं बोलत होती तरी. यादी बाराऐवजी पाऊण वाजता निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का मुंजीचे बेसनाचे लाडू घेऊन आल्या. बूट काढले, माउस उपटला, डब्यात घातला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या वायर गुंडाळत ऐकत होत्या. शेवटी एकच विचारलं.

"स्लेट पुसलीस?"

"नाही."

"आण."

मी आणली. वर १, खाली ४. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं, जणू कुणाचं तरी हस्ताक्षर ओळखत होत्या.

"पुसली असतीस तर आज तुला धारच्या गाडीत बसवून दिलं असतं," त्या म्हणाल्या. "चूक एकट्या तुझी नाही. मी तुला बिगिन शिकवलं, रेशमबाई शिकवल्या नाहीत. आजपासून लक्षात ठेव, नावानं हाक मारावी, नंबरानं बदल करावा. लाडू घे."

त्या दुपारी त्यांनी बाजारातून नवी स्लेट आणली आणि जुनी, न पुसलेली, मला देऊन टाकली. डिप्लोमा माझ्या आईनं फ्रेम करून ठेवला होता. पुढे धारला दवाखान्याची शाखा निघाली आणि ती माझ्याकडे आली, तेव्हा मी फ्रेममधून डिप्लोमा काढला नाही, पण स्लेट त्याच्या वरच्या खिळ्याला टांगली. शिकायला येणारा प्रत्येकजण विचारतो, हे एक आणि चार काय आहे? मग मी हा सगळा प्रयोग पहिल्यापासून करतो. आता माझ्या हातात फूटपट्टीही खरीच असते.

आक्का आता ऐंशीच्या पलीकडे आहेत. दुसऱ्यांचे मोतीबिंदू इतकी वर्षं रांगेला लावले आणि स्वतःचा पिकू दिला. "काळा पडदा होता तो पांढरा दिसायला लागला," असं स्वतःच फोनवर सांगितलं तेव्हा मी धारहून देवासला गेलो. त्यांच्या खुर्चीवर आता गंधवानीची एक सिस्टर बसते. रेशमबायांच्या वेळची नव्हे, नंतर आलेली, आधी वॉर्डात पट्ट्या चिकटवायची. माझ्याकडे धारला येऊन शिकली. पस्तिशीची, कमी बोलणारी. रेशमबाईची गोष्ट पहिल्यांदा ऐकवली तेव्हा ती म्हणाली होती, "सर, चार ही निकलीं? मेरे तो घर में दो हैं."

आक्कांची नोंद आधी डाव्या डोळ्याची झाली होती. तपासणीनंतर डॉक्टरांनी चिठ्ठीवर उजवा लिहून दिला, आधी तो करायचा म्हणून. ते थोरलीत बदलायचं होतं. आक्का शेजारच्या खुर्चीत, मांडीवर शेवेचा डबा, नजर पडद्यावर, पण दिसत काही नव्हतं. म्हणून सिस्टर मोठ्यानं बोलत टाइप करत होती.

"स्लेट पे एक लिखा, आक्का."

"कोणत्या पातीत?"

"थोरली में. बिगिन दे दिया. नंबर से ढूँढा, एक ही निकला, आप ही हो. अपडेट किया. अपडेट एक."

आकडा जुळला. मी कमिटची वाट पाहत होतो. सिस्टरनं कीबोर्डवरून हात काढले आणि खुर्ची वळवली.

"आक्का, कौन सी आँख?"

"डावा," आक्का म्हणाल्या. शांतपणे, ठामपणे.

मी तोंड उघडलं. डब्याआडून आक्कांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. सिस्टरनं चिठ्ठी पाहिली, स्लेट पाहिली, आक्कांकडे पाहिलं. मग एक शब्द टाइप केला, अर्धविराम दिला आणि एंटर दाबला.

"काय केलंस?"

"रोलबैक."

"का? आकडा जुळला होता की."

"आकडा मिल गया, आप नहीं मिलीं. डॉक्टर साब से पूछ के आती हूँ." तिनं स्लेट कीबोर्डवर झाकली आणि गेली.

आक्कांनी दाराकडे तोंड वळवलं, जिथं त्यांना ती दिसत नव्हती.

"उजवाच आहे," त्या म्हणाल्या. "मला काय माहीत नाही होय?" मग त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा माझ्यापुढे केला. "तुला हे कळायला चार रेशमबाया लागल्या. हिला एकही लागली नाही."

मी माउस बाजूला सारला आणि मूठभर शेव घेतली.